मारकुट्या पोराला दाखला नको, तपासणी द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद), मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मा. अधिष्ठाता,
जळगाव, धुळे व नंदुरबार

विषय : आक्रमक वागणाऱ्या मुलांच्या तपासणीची व उपचारांची सोय करण्याबाबत

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या मनोविकारांसाठी आठवड्यातला एक वेगळा दिवस ठेवा, अशी मागणी पुढे आली की त्यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : “दिवस ठेवून काय करणार, मुलं येतच नाहीत.” अलीकडे तेच उत्तर पुन्हा मिळालं आणि विषय तिथेच मिटला. ते कुणी दिलं आणि कुठल्या बैठकीत दिलं, याला महत्त्व नाही. तिन्ही जिल्ह्यांत कुणीही दिलं असतं. पण ते ऐकून गप्प बसणं आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे खान्देशात मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक, विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट. वर्गात बाक उलटवणारं, धाकट्या बहिणीला चावणारं, आईवर विळा उगारणारं मूल फिरून फिरून शेवटी आमच्यासमोर येतं. तोवर बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं हातची गेलेली असतात आणि त्या वर्षांची भरपाई आम्हालाच त्या मुलाबरोबर बसून करावी लागते. मुलं घरून निघतात, हे आम्ही खात्रीने सांगतो. मधे कुठे अडकतात ते खाली मांडतो.

पहिला अडथळा शाळेचा. मूल मारतं, बाकीचे पालक शाळेत येऊन आवाज चढवतात, मुख्याध्यापक आईवडिलांना बोलावतात आणि “दुसरी शाळा बघा” असं सुचवतात. लेखी काही नसतं. पालकांच्याच सहीचा अर्ज घेऊन शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला जातो, म्हणजे कागदोपत्री मूल आपणहून गेलेलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे त्याला मारता किंवा त्याचा मानसिक छळ करता येत नाही. काही ठिकाणी तर पोलिसांची भीती घातली जाते. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही, एवढं निदान शाळा चालवणाऱ्यांना ठाऊक असावं.

शिक्षकांवर आमचा राग नाही. दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईंना हे मूल दिवसभर आवरणं सोपं नाही. पण त्यांच्या हातात एक साधन देता आलं असतं आणि त्याला खर्च फक्त एका वहीचा आहे. दोन आठवडे नोंद ठेवायची : वेळ आणि जागा, आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर काय झालं. “फार त्रास देतो” असं लिहायचं नाही. असं लिहायचं : “मंगळवार, मधली सुटी संपली, रांगेत. मागच्याने दप्तराला धक्का दिला. याने त्याच्या हाताला पेन्सिल टोचली. वर्गाबाहेर बसवलं. गणिताचा तास बुडाला.” अशा आठ-दहा नोंदी झाल्या की कधीकधी दिसतं, मारामारी दर वेळी गणिताच्या आधीच होते. मग मुलाला बाहेर बसवणं ही शिक्षा राहत नाही, त्याची सुटका ठरते. अशा मुलाची वाचनाची आणि अंकज्ञानाची चाचणी आधी व्हायला हवी. ही वही असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं. आज मुलाबरोबर शाळेकडून अशी एक ओळही येत नाही.

दुसरा अडथळा फिरत्या पथकांचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. तपासायच्या आजारांच्या यादीत ऑटिझम (स्वमग्नता), अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) आहेत, म्हणजे योजनेत खोट नाही. पण वजन, उंची, दात, डोळे उरकून पथक पुढच्या शाळेला निघतं आणि वागणुकीच्या रकान्यात “नाही” पडतं. वागणूक वजनासारखी मोजता येत नाही. वर्गशिक्षक आणि आईला विचारल्याशिवाय ती कळत नाही, आणि अनोळखी माणसं वर्गात आली की सगळ्यात दांडगं पोरही गप्प बसतं. शिवाय पथक येणार त्या दिवशी “आज घरीच ठेवा” असा निरोप ज्याच्या घरी जातो, ते मूल नेमकं हेच असतं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मारकुटेपणा हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून आपण नुसता ताप उतरवत नाही, कशाने आला ते शोधतो. इथेही तेच करायला हवं, आणि सुरुवात शरीरापासून व्हायला हवी. कान वाहतो का? पडद्यामागे पाणी साठलेल्या मुलाला निम्मंच ऐकू येतं. सूचना कळत नाही, खेळताना हाक कळत नाही, मग ते ढकलतं. फळा दिसतो का? रात्री घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का? टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असली तर झोप तुटते आणि दिवसभर चिडचिड राहते. जंतांमुळे रात्री खाज सुटली तरी झोपेचं तसंच होतं. हिमोग्लोबिन किती? लोह कमी असलं की मूल किरकिरं होतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, चाचणी झाली का? हातपाय ठणकणारं मूल दर वेळी “दुखतंय” म्हणेलच असं नाही. जे बोलतच नाही, त्याची दाढ किडलेली असू शकते, शौचाला खडा होत असेल, तेही चावून किंवा डोकं आपटूनच सांगतं.

फिट्स येणाऱ्या मुलांबाबत तर आणखी जपायला हवं. फिट येऊन गेल्यावर काही मुलं गोंधळलेल्या अवस्थेत हातपाय झाडतात, मारतात आणि त्यांना त्याची आठवणही नसते. त्याहून जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे औषध. फिट्ससाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं फेनोबार्बिटोन काही मुलांना चळवळं आणि भांडखोर करतं. लेव्हेटिरासिटामनेही काहींची चिडचिड वाढते. गोळी सुरू झाली कधी आणि मारणं सुरू झालं कधी, हा प्रश्न विचारला तर कित्येकदा उत्तर तिथेच मिळतं. पालकांनी मात्र ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्याने फिट्स उसळतात. ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांच्याकडूनच ती बदलून घ्यायची.

शरीराचं झाल्यावर वयाचा प्रश्न येतो. दोन-तीन वर्षांचं मूल चावतं, ओरबाडतं, जमिनीवर लोळतं. बोलता येऊ लागलं की हे ओसरतं. शाळेत जायच्या वयातही आठवड्यातून अनेकदा मारत असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे तेच असेल, कुणाला खरी इजा होत असेल, जनावरांचे हाल करत असेल, आग लावत असेल, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरत चालला असेल, तर थांबायचं नाही. आणि चांगलं वागणारं मूल अचानक बदललं, तर घरात किंवा बाहेर त्याच्याशी कुणी काय केलं, हा प्रश्न त्याला एकट्याला बसवून, हळू विचारायचा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. ते “नंतर बघू” म्हणून ठेवता येत नाही. मुलांमधलं नैराश्यही पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं.

एवढं सगळं पाच मिनिटांत होत नाही, आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागात मुलाला पाच मिनिटंच मिळतात, तीही मोठ्या रुग्णांच्या रांगेत दोन तास उभं राहिल्यावर. तोवर मूल दमलेलं, भुकेलं, आई ओशाळलेली. पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो : आईवडिलांशी वेगळं बोलणं, मुलाशी वेगळं, वाढीचा इतिहास, शाळेची नोंद, घरात दारू आहे का, मारहाण आहे का. खान्देशात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो म्हणजे कापसाच्या फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? रागाच्या भरात वाटेल ते करणाऱ्या पौगंडावस्थेतल्या मुलाच्या घरात तो डबा खाटेखाली असता कामा नये, कुलपात हवा. हा प्रश्न आज कुणीच विचारत नाही.

वेळ नसला की हात गोळीकडे जातो. रिस्पेरिडोन हे चांगलं औषध आहे. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीवर त्याचा उपयोग होतो. पण तपासणीविना, “जरा शांत राहील” म्हणून ते महिनोन्महिने चालू ठेवायचं आणि वजन, साखर कधी बघायचीच नाही, हा उपचार नव्हे. एडीएचडीत उपयोगी पडणारं मिथिलफेनिडेट अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत असल्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मग चिठ्ठी घेऊन वडील नाशिक नाहीतर सुरत गाठतात आणि दुसऱ्या महिन्यात औषध तुटतं. एडीएचडीवरचंच दुसरं औषध, ॲटोमॉक्सेटिन, लिहून दिलं तर त्याचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे कुणी सांगत नाही. दहा दिवसांत “काही फरक नाही” म्हणून पालक ते सोडून देतात.

ज्याला गोळी लागत नाही अशा पुष्कळ मुलांसाठी खरा उपचार पालक-प्रशिक्षण हा आहे, आणि तो तिन्ही जिल्ह्यांत सरकारी पातळीवर जवळजवळ मिळतच नाही. साधारण आठ ते बारा बैठका, आठवड्याला एक. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाच्या मनाने खेळायचं, त्या वेळात शिकवणं नाही, सूचना नाही. चांगलं वागला की नेमकं काय चांगलं केलं ते सांगून शाबासकी द्यायची. एका वेळी एकच सूचना, लांबून ओरडून न देता जवळ जाऊन. किरकोळ हट्टाकडे लक्ष द्यायचं नाही. इथे एक ठरलेली फसगत होते. लक्ष काढून घेतलं की पहिले काही दिवस हट्ट कमी होत नाही, उलट वाढतो. आई घाबरते, “हे तर बिघडतंय” म्हणते, किंवा आजी गप्प करायला हातात मोबाइल देते, आणि आणखी जोरात ओरडलं की मिळतं, हे मूल त्याच क्षणी शिकतं. हे आधी सांगणारं माणूस जवळ असेल तरच घर तग धरतं. म्हणून आजी-आजोबांनाही निदान एका बैठकीला बोलवावं लागतं.

भाषेचा मुद्दा छोटा वाटेल, तसा तो नाही. आई अहिराणीत सांगते, “पोऱ्या भलता मारस,” आणि समोरून प्रश्न येतो, “एकाग्रता कशी आहे?” पावरी किंवा भिलोरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमापन चाचणी प्रमाण मराठीत घेतली तर आकडा खाली येतो आणि तो आकडा त्याच्या प्रमाणपत्रावर जन्मभर राहतो. ज्याला वर्गातली भाषाच कळत नाही, त्याच्या चिडण्याला आजाराचं नाव देण्याआधी दुभाषा तरी बसवा.

आश्रमशाळांबद्दल एवढंच : सहा-सात वर्षांचं मूल घरापासून तुटून वसतिगृहात राहतं, रात्री अंथरूण ओलं करतं, इतर मुलं चिडवतात, ते मारतं. अधीक्षकांना हे ओळखायला कुणी शिकवलेलं नाही. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयांना या पत्रव्यवहारात सामील करून घ्या.

भगताकडे गेलेल्या पालकांना हिणवू नका. जवळ दुसरं काहीच नसताना ते गेले. चटके देणं, मारणं, कोंडणं यांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे सवलत नको. पण अंगारा लावून घेतलेल्या मुलाच्या आईला ओपीडीत बोल लावला तर ती पुन्हा येणार नाही.

राहिलं स्थलांतर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे किंवा दक्षिणेकडे गेलेलं कोयत्याचं कुटुंब उन्हाळ्यातच परतणार. दर पंधरा दिवसांनी बोलावून त्यांचा उपचार होऊच शकत नाही.

हे सगळं आम्ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये शासनाने द्यायच्या किमान सेवांत लहान मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. जिल्ह्यात ती सेवा नसेल तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत ती घेता येते आणि त्याचा खर्च शासनाने करायचा आहे, हेही त्याच कलमात आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशाला तसं पाचवं द्या, असं आमचं म्हणणं नाही. या मुलांतल्या फारच थोड्यांना खाट लागते. बाकीच्यांना एक शांत खोली, चार खुर्च्या, थोडी खेळणी आणि पाऊण तास देणारं माणूस लागतं. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे “डॉक्टर कुठून आणू” हे उत्तरही पूर्वीसारखं चालणार नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातला एक ठरलेला दिवस फक्त मुलांसाठी, नाव नोंदवून, वेळ देऊन. त्या दिवशी बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच मजल्यावर. कान, डोळे, हिमोग्लोबिन आणि लागेल तिथे सिकलसेल त्याच दिवशी. मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलेच हवेत आणि नोंदणी क्रमांक दारावर लावावा.

२. महिन्यातून एकदा हेच पथक चोपडा, चाळीसगाव, मुक्ताईनगर, शिरपूर, साक्री, तळोदा आणि धडगाव इथल्या सरकारी रुग्णालयांत. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं तर सगळा दिवस आणि मजुरी जाते. तारीख बाजाराच्या दिवसाची ठेवा, लोक तसेही येतातच.

३. शाळेने मूल पाठवताना एक पानाची चिठ्ठी आणि दोन आठवड्यांची नोंद द्यायची. अशी चिठ्ठी दिल्याशिवाय, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय, वागणुकीच्या कारणावरून कुठलाही दाखला निघणार नाही, असं लेखी परिपत्रक. पालकांच्या नावाने लिहून घेतलेल्या अर्जांनाही ते लागू.

४. फिरत्या पथकाने शाळेत येण्याच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांकडून आणि अंगणवाडी सेविकांकडून “कोण मारतं, कोण बोलत नाही, कोण शाळा चुकवतं” ही नावं मागवायची, आणि ती मुलं त्या दिवशी हजर असतील हे मुख्याध्यापकांनी बघायचं.

५. औषधं जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मिळावीत, मिथिलफेनिडेटसह. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना, डॉक्टरांना सुरक्षित वाटेल तितक्या जास्त दिवसांचा पुरवठा आणि बाहेरच्या डॉक्टरांनाही वाचता येईल असं उपचाराचं कार्ड.

६. पालक-प्रशिक्षणाचा गट, महिन्याला किमान एक नवीन. संध्याकाळी किंवा रविवारी, म्हणजे बापालाही येता येईल.

७. अहिराणी, पावरी, भिलोरी येणारी माणसं त्या दिवशी मानधनावर. आशाताईंमध्येच अशी कितीतरी आहेत.

ही सोय होईपर्यंत पालकांना आम्ही काय सांगतो, तेही आपल्याला कळावं, कारण हे सांगणं खरं तर आपल्या यंत्रणेचं काम आहे. १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं. मूल मारतंय, आता काय करू, हेही तिथे विचारता येतं. धोक्यात असलेल्या मुलासाठी १०९८. रुग्णालयात जाताना जन्माची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची पाकिटं, शाळेच्या वह्या आणि जमला तर फोनवरचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ न्या. तो व्हिडिओ डॉक्टरांशिवाय कुणाला पाठवू नका. मूल भडकलं असताना समजावू नका, ते त्या वेळी ऐकण्याच्या स्थितीत नसतं. भावंडांना बाजूला करा, काठी-विळा उचलून घ्या, हातभर लांब उभं राहा, कमी बोला. शांत झाल्यावर पाणी द्या, आणि झाल्या प्रकाराबद्दल बोलायचं ते त्यानंतर.

मागण्या १, ३ आणि ४ यांना नवीन निधी लागत नाही. त्या पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आत होऊ शकतात. बाकीच्यांची मुदत आपण ठरवा, पण लेखी कळवा. शाळेच्या चिठ्ठीचा नमुना आणि तिन्ही बोलींतली प्रश्नावली तयार करायला आमच्यातले लोक बसायला तयार आहेत, प्रवासखर्चही मागणार नाही. जागा, तारीख आणि निर्णय घेऊ शकणारा एक अधिकारी एवढं आपल्याकडून हवं.

आपले,
खान्देशात मुलांबरोबर काम करणारे काही समुपदेशक, विशेष शिक्षक व थेरपिस्ट